‘अ डॉग्ज लाइफ’ची पार्श्वभूमी : तीन रिळे, एक कुत्रा आणि वेगाचा वाद

पडद्यावर कुत्रा काही चॅप्लिनने आणला नाही. पळवून नेलेले बाळ शोधून काढणाऱ्या कुत्र्याचा इंग्लंडमधला एक पट १९०५ सालीच इतका चालला, की प्रती काढून काढून निगेटिव्ह झिजली आणि सगळे पुन्हा चित्रित करावे लागले. पुढे अमेरिकेत कीस्टोन या स्टुडिओच्या विनोदी पटांत ल्यूक आणि टेडी ही कुत्री धावत, उड्या मारत, चोर पकडत. चॅप्लिनच्या ‘अ डॉग्ज लाइफ’ या मूकपटातला स्क्रॅप्स हा कुत्रा यातले फारसे काही करत नाही. तो भुकेला आहे, त्याचा मालकही भुकेला आहे, आणि दोघांची कथा एकच आहे.

हा पट आला १४ एप्रिल १९१८ रोजी. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये चॅप्लिनने फर्स्ट नॅशनल या कंपनीशी करार केला होता. थिएटरवाल्यांनीच एकत्र येऊन काढलेली ही कंपनी. आठ पट आणि दहा लाख डॉलरांहून जास्त रक्कम, हे आकडे सर्वांना ठाऊक असतात. कलम मात्र वेगळेच महत्त्वाचे होते : निर्मितीचा खर्च चॅप्लिनचा, आणि मालकीही शेवटी त्याचीच. या पैशांतून हॉलिवूडमध्ये ला ब्रेआ अव्हेन्यूवर त्याने स्वतःचा स्टुडिओ बांधला. तिथे पुरा झालेला हा पहिला पट. करार दोन रिळांच्या पटांचा होता, हा तीन रिळांचा झाला. आठ पट द्यायला पाच वर्षे लागली, त्या लांबणीची सुरुवात इथूनच.

कुत्र्याची निवड सोपी गेली नाही. निरनिराळ्या जातींची कुत्री पाहून झाली, मग शहराच्या कोंडवाड्यातून एकवीस भटकी कुत्री स्टुडिओत आली. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि पालिकेने संख्या बारावर आणायला लावली. त्यातून ‘मट’ हा पांढरा, काळे ठिपके असलेला, कुठल्याच जातीचा न वाटणारा कुत्रा पक्का झाला. स्टुडिओच्या किरकोळ खर्चाच्या वहीत त्याच्या नावावर साठ सेंटची व्हिस्की आहे. चार्ली त्याला उशी करून झोपतो त्या दृश्यासाठी ती पाजली असावी, असा तर्क आहे. आजच्या सेटवर असे काही केले तर गुन्हा दाखल होईल. चित्रीकरण संपताच चॅप्लिन युद्धकर्जाच्या रोख्यांच्या प्रचाराला निघून गेला आणि एप्रिलच्या शेवटी मट मेला. मालक दूर गेला म्हणून कुत्रा झुरून मेला, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते.

समीक्षकांनी पट लगेच उचलून धरला. एका फ्रेंच समीक्षकाने तर सिनेमाची पहिली परिपूर्ण कलाकृती हीच, असे लिहिले. खुद्द चॅप्लिननेही नंतर सांगितले, की विनोदी पटाला एखाद्या इमारतीसारखी रचना असते हे त्याला इथे उमगले. एका प्रसंगातून दुसरा निघायला हवा, नुसती गंमत जोडत जाऊन भागत नाही.

खरा वाद पुढचा आहे. १९५९ साली चॅप्लिन सत्तरीचा होता, अमेरिकेबाहेर, स्वित्झर्लंडमध्ये राहत होता. त्याने फर्स्ट नॅशनलच्या काळातले तीन पट एकत्र करून ‘द चॅप्लिन रिव्ह्यू’ काढला. पहिला मान ‘अ डॉग्ज लाइफ’चा. संगीत त्याने स्वतः रचले, सुरुवातीला आवाजही स्वतःचाच दिला. इथवर कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती ‘स्ट्रेच प्रिंटिंग’ला.

मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवला जाई. सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटी (फ्रेम) टिपल्या जात. ध्वनिपट्टी मात्र चोवीसच्या वेगानेच चालते. जुनी फिल्म तशीच चोवीसने चालवली तर माणसे तुरुतुरु पळतात. त्यावर उपाय काढला गेला तो असा, की ठरावीक अंतराने एखादी चौकट दोनदा छापायची. हेच स्ट्रेच प्रिंटिंग. दर दुसरी चौकट दोनदा आली की सोळाच्या चोवीस होतात. हिशेब जुळतो, हालचाल मात्र अडखळते. एखादा हात हवेत क्षणभर थबकतो, मग पुढे सरकतो.

चॅप्लिनची बाजू घेणारे म्हणतात, पट त्याचा, मालकी त्याची, निर्णयही त्याचाच. शिवाय पन्नाशीच्या दशकात मूकपट म्हणजे धावपळीची चेष्टा असा समज झाला होता, तो त्याला पुसायचा होता. हे खरे आहे. पण तेव्हाचे विनोदी पट मुळातच थोडे जलद दिसावेत असे टिपले जात, आणि थिएटरातही टिपल्यापेक्षा वेगाने चालवले जात. म्हणजे ‘नैसर्गिक’ वेग हा १९१८च्या प्रेक्षकाने पाहिलेला वेग नव्हेच. पडद्यामागून चार्ली बेशुद्ध चोराच्या बगलेतून स्वतःचे हात काढतो आणि समोरच्या साथीदाराशी त्या हातांनी बोलतो, तो प्रसंग जुन्या आणि १९५९च्या अशा दोन्ही प्रतींत लागोपाठ पाहावा. बोटांच्या एकेका चाळ्यावर हशा उभा आहे. तिथे चौकट अडखळली की हशाही अडखळतो. चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी याच्या खाण्याच्या गाडीवर केक गायब होतात, तिथेही तेच.

गोंधळात भर म्हणजे परदेशी वितरणासाठी त्या काळी दुसरी निगेटिव्ह लागे. दोन कॅमेरे शेजारी-शेजारी ठेवून टिपले जाई. त्यामुळे जुन्या प्रतीही चौकटीला चौकट जुळत नाहीत. अमेरिकेत मूळ पटाचा स्वामित्वहक्क संपलेला आहे, १९५९च्या संगीताचा नाही. म्हणून इंटरनेटवर कुणाचाही पियानो लावलेल्या, कुठल्याही वेगाच्या प्रती सापडतात. चॅप्लिनचे पट पूर्ववत करण्याचे मोठे काम इटलीत बोलोन्या इथे होत आले आहे.

आपण पाहतो ती प्रत कुठली हे ओळखायचे असेल तर आरंभी स्टुडिओची दृश्ये आणि चॅप्लिनचा आवाज आहे का ते बघावे. असेल तर ती १९५९ची. तो भाग कापलेला असेल तर थेट ‘ग्रीन लँटर्न’ नाचघरात जावे. चार्लीने विजारीत लपवलेल्या स्क्रॅप्सची शेपटी मागच्या भोकातून बाहेर येऊन ढोलावर वाजते. शेपटी एकसारखी हलते की मध्येच दचकते, एवढे पाहिले तरी पुरते.