पोहऱ्यात न आलेलं पाणी

दहावीचा निकाल लागला की अंबाजोगाई-लातूर एसटीत दुसरा विषयच नसतो. यंदा शेजारी बसलेले काका मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन सांगत होते, "मास्तराचं पोरगं हाय, त्येला नव्वदच्या वर पडणारच. आडात असलं तरच पोहऱ्यात येतंय." मागच्या सीटवरून कुणीतरी जोड दिली, "मग ऊसतोड्याच्या पोराकडून काय आशा धरायची?"

हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग येतो. मुलाला आईबापांकडून जनुकंही मिळतात आणि घरही मिळतं. देणारे तेच दोघं, म्हणून घराचं श्रेय आपण बिनदिक्कत रक्ताच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. या दोन गोष्टी वेगळ्या करायची एक देखणी युक्ती आइसलँडमधल्या ऑगस्टिन काँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली वापरली.

गुणसूत्रांच्या २३ जोड्या शाळेत शिकलेल्या आठवत असतील. आईजवळ प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. अंडपेशी तयार होताना या प्रती आधी आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग त्यांतली एकच पुढे जाते. कुठल्या जागी कुठला तुकडा जाईल, हे नाणेफेकीसारखं ठरतं. वडिलांच्या बाजूनेही तेच. म्हणजे प्रत्येक आईबापाची निम्मी जनुकं त्यांच्यापाशीच राहतात. पोहऱ्यात न आलेलं पाणी ते हेच. मुलाच्या एकाही पेशीत ती नसतात, त्याच्या मेंदूची जडणघडण ती करू शकत नाहीत.

काँग यांच्या गटाने नेमकी हीच मागे राहिलेली जनुकं मोजली. शिक्षणाच्या वर्षांशी ज्यांचा थोडाथोडा संबंध दिसतो अशा जनुकातल्या असंख्य जागांचा मिळून एक गुणांक काढता येतो. सुमारे २१,६०० आइसलँडवासीयांसाठी त्यांनी असे दोन गुणांक काढले: मिळालेल्या जनुकांचा एक, न मिळालेल्यांचा दुसरा. न मिळालेल्या जनुकांचाही मुलांच्या शिक्षणाशी संबंध निघाला, आणि तो मिळालेल्यांच्या जवळपास ३० टक्के होता! जे मुलात उतरलंच नाही ते मुलापर्यंत पोचलं ते आईबापांच्या वागण्यातून, त्यांच्या शिक्षणातून, घरातल्या बोलण्यातून, पैशातून, राहत्या जागेतून.

इथे एक खोच आहे. शिकलेली माणसं बहुधा शिकलेल्यांशीच लग्न करतात. त्यामुळे वडिलांच्या न दिलेल्या जनुकांचं आईच्या दिलेल्या जनुकांशी आधीच थोडं साटंलोटं असतं, आणि न दिलेल्यांच्या गुणांकात दिलेल्यांची सावली पडते. ती वजा करावी लागते. वेगवेगळ्या समूहांत जनुकांचं प्रमाण मुळातच वेगळं असतं, तो फरकही वजा करावा लागतो. नॉर्वेतल्या २०२४च्या एका अभ्यासाने तर असं मांडलं, की हा परिणाम त्या दोन आईबापांच्या संगोपनापेक्षा घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सामाजिक परिस्थितीतून येतो. ज्याच्या पणज्याकडे जमीन होती आणि ज्याचा पणजा सालगडी होता, त्यांना हे समजावून सांगायला गणित लागत नाही.

लातुरात हल्ली बोटांचे ठसे घेऊन 'तुमचं मूल डॉक्टर होणार की इंजिनिअर' हे हजारो रुपयांत सांगणारे भेटतात. ठशांच्या रेषा गर्भात तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच उमटतात, त्यांचा करिअरशी काडीचा संबंध नाही. पत्रिकेची जागा स्कॅनरने घेतली, एवढाच फरक. आइसलँडचा गुणांक उद्या कुणी इथे विकायला आणला तर त्यालाही दारातूनच परत पाठवा. युरोपीय लोकांवरून बनवलेले असे गुणांक इतर समाजांत फार कमी लागू पडतात.

'रक्तात' किती आणि घरात किती, हा आकडाही कुठे कोरून ठेवलेला नाही. १९८५ साली नॉर्वेतल्याच जुळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९४० नंतर जन्मलेल्या मुलग्यांच्या शिक्षणात जनुकांचा वाटा आधीच्या पिढीपेक्षा बराच जास्त निघाला, आणि कुटुंबाचा वाटा घसरला. जनुकं तीच होती. मधल्या काळात शिक्षणाची दारं जास्त घरांसाठी उघडली होती. सगळ्यांना सारखी शाळा मिळाली, की मगच उरलेला फरक रक्ताचा म्हणता येतो.

बीड जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेले कोयते कारखान्याकडे निघतात. ज्यांची मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहू शकत नाहीत, ती मुलंही ट्रॅक्टरवर चढतात. आई पहाटे फडात गेली की आठ-नऊ वर्षांची पोर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. संध्याकाळी मोळ्या किती झाल्या, टन किती भरला, उचल किती फिटली, हा हिशेब ती बापाला तोंडी सांगते. ती वर्गात परत येते तेव्हा गुढीपाडवा होऊन गेलेला असतो आणि गुरुजींचे अपूर्णांक शिकवून संपलेले असतात.