दम नवा, दोर जुना

पन्नाशीच्या आसपास धावायला लागलेल्या माणसाला ठाण्यात एक वाक्य फुकट मिळतं. उपवनच्या तलावाला चकरा मारताना, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नात जिलबी नको म्हणताना, कुठेही. "या वयात पळतोस? गुडघे जातील!" मी एकावन्नाव्या वर्षी सुरुवात केली, त्याला आता पाच वर्षं झाली. गुडघे जागेवर आहेत. गेली ती टाच.

गुडघ्यांचं आधी उरकून टाकतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेचं प्रमाण साडेतीन टक्के निघालं आणि बैठं आयुष्य जगणाऱ्यांत १० टक्क्यांच्या थोडं वर. वरच्या पातळीवर स्पर्धा खेळणाऱ्यांत मात्र ते १३ टक्के होतं. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात ते धावायला येतच नाहीत, त्यामुळे या आकड्यांवर फार नाचू नये. पण जितकं चालवाल तितकं झिजेल, हे टायरचं गणित गुडघ्याला लागू पडत नाही, एवढं नक्की.

आता टाच. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी मी जुलैपासून तयारीला लागलो होतो. ऑक्टोबरपर्यंत दम असा काही वाढला की कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत गप्पा मारत जायचो. मनगटावरच्या घड्याळानं तर माझं 'फिटनेस वय' अडतीस ठरवून टाकलं. अडतिशीचा माणूस काय करेल? मी येऊरची चढण घेतली. उपवनकडून वनखात्याच्या गेटपर्यंत जोरात वर, सावकाश खाली, पुन्हा वर. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेच्या चार बोटं वर कुणीतरी पक्कड लावल्यासारखं झालं. भिंत धरून बाथरूमपर्यंत गेलो. दहा मिनिटांत दुखणं गायब, म्हणून त्या दिवशीही धावलो. या दुखण्याची गंमत हीच: गरम झालं की ते लपून बसतं.

हा लेख वाचता वाचता हात खाली न्या आणि टाचेच्या मागचा ताठ दोर दोन बोटांत पकडा. हीच अकिलीस कंडरा. पोटरीचे स्नायू खाली निमुळते होत या दोरात शिरतात आणि दोर टाचेच्या हाडाला जाऊन चिकटतो. मटण साफ करताना खाटीक जो पांढरा, चिवट पट्टा सुरीनं बाजूला काढतो, तो कंडरेचाच भाऊबंद. स्नायू लाल कारण त्यात रक्त भरपूर. कंडरा पांढरी कारण तिच्यात रक्तवाहिन्या नावापुरत्या. ऑक्सिजनचा खर्चही स्नायूच्या मानानं साधारण सात-साडेसातपट कमी. कमी खाणारा, कमी बोलणारा, पण सगळं ओझं वाहणारा असा हा घरातला माणूस.

ओझं किती? धावताना या दोरावर शरीराच्या वजनाच्या पाच-सहापट ताण येतो आणि वेग वाढला की त्याहून जास्त. सत्तर किलोच्या माणसाचे झाले चारशे किलो, म्हणजे दोन बुलेट मोटारसायकली एका टाचेला टांगल्यासारख्या. माझ्यासारखा सव्वापाच तासांत ४२.१९५ किलोमीटर संपवणारा माणूस पन्नास हजारांच्या आसपास पावलं टाकतो. प्रत्येक टाचेच्या वाट्याला पंचवीस हजार. त्यातच चढावर टाच खाली आणि बोटं वर राहतात, त्यामुळे दोर आणखी ताणला जातो. येऊरनं माझा हिशेब केला तो असा.

पण हा दोर नुसता ओझ्याचा धनी नाही, तो स्प्रिंगही आहे. १९८७ साली ब्रिटिश संशोधकांनी एक सुंदर हिशेब मांडला होता. सत्तर किलोचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगानं धावत असेल, तर पाऊल टेकून उचलेपर्यंत साधारण १०० जूल ऊर्जेची उलाढाल होते. त्यातले ३५ जूल अकिलीस कंडरेत साठून परत मिळतात आणि १७ जूल तळपायाच्या कमानीत. निम्म्याहून अधिक व्यवहार रबरबँडसारखा, स्नायूंना फारसं न जाळता. आपला वेग त्यांच्या निम्मा असेल, पण तत्त्व तेच.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. ती सुरू होते अणुबॉम्बपासून.

१९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला अमेरिका, रशिया वगैरे मंडळींनी उघड्या हवेत इतके बॉम्ब फोडले की वातावरणातलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार, १९६३ पर्यंत जवळपास दुप्पट झालं. त्याच वर्षी उघड्यावरच्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला आणि मग हे प्रमाण समुद्रात, झाडांत मुरत वर्षागणिक उतरत गेलं. म्हणजे प्रत्येक वर्षाच्या हवेला जणू आपापला शिक्का. झाडं त्या हवेतून कार्बन घेतात, आपण झाडं खातो (किंवा झाडं खाणारी बकरी), आणि तो शिक्का आपल्या पेशींत उतरतो. शरीराचा जो भाग सतत नवा होतो, त्याच्यावर चालू वर्षाचा शिक्का असतो. जो भाग एकदा बांधून झाला की पुन्हा बदलला जात नाही, त्याच्यावर बांधकामाच्या वर्षाचा.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या अकिलीस कंडरांमधला हा शिक्का वाचला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. कंडरेचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो. त्यानंतर त्याची बदली जवळजवळ होतच नाही.

हे वाचून मी खुर्चीतच बसून राहिलो. माझा जन्म १९७० चा. म्हणजे ज्या दोरावर मी येऊर चढत होतो, तो १९८७ साली, बारावीच्या सुमारास बांधून पूर्ण झालेला. त्यात घरचा वरणभात आहे, शाळेबाहेरचे आवळे आहेत आणि बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीचाही थोडाफार अंश असेल. रक्त नवं, कातडी नवी, आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांचं. दोर तेवढा शाळकरी.

जुना दोर वयाबरोबर बदलतो कसा, हे कळायला जरा खोल उतरावं लागेल. कंडरा बनते कोलॅजन या प्रथिनापासून. तीन साखळ्यांचा पीळ असलेला त्याचा रेणू तीनशे नॅनोमीटर लांब. असे रेणू विटांच्या भिंतीसारखे एकमेकांपासून सदुसष्ट नॅनोमीटर सरकवून रचलेले असतात आणि शेजारच्या रेणूंना ठराविक जागी रासायनिक टाक्यांनी शिवलेले असतात. त्यांचे तंतू, तंतूंच्या जुड्या, जुड्यांचा दोर. सैल असताना तंतू किंचित नागमोडी असतात. दोर दोनेक टक्के ताणला की नागमोड सरळ होते, त्यापुढे खरा ताण सुरू होतो आणि आठ टक्क्यांच्या आसपास दोर तुटू लागतो. ताण घेताना तंतू एकमेकांवरून थोडे घसरतात. दोर लवचीक राहण्यात या घसरणीचा मोठा वाटा आहे.

इथे साखर येते. रक्तातला ग्लुकोज कुठल्याही विकराची, म्हणजे एन्झाइमची, मदत न घेता प्रथिनांना आपणहून चिकटतो. भाकरीवर तांबूस डाग पडतात किंवा कांदा परतताना रंग धरतो, ती ही त्याच कुळातली क्रिया. फक्त तव्यावर मिनिटांत होते ती शरीरात वर्षानुवर्षं रेंगाळत होते. हिमोग्लोबिनला चिकटलेली हीच साखर आपण एचबीएवनसी म्हणून मोजतो. ती चाचणी तीन महिन्यांचीच सरासरी का सांगते? लाल पेशी जगतेच साधारण १२० दिवस. मग जे प्रथिन सतराव्या वर्षानंतर बदललंच जात नाही, त्यावर किती वर्षांची साखर जमत असेल? टाचेतली एचबीएवनसी काढता आली असती तर ती तीन महिन्यांची नाही, चाळीस वर्षांची निघाली असती. ही चिकटलेली साखर पुढे शेजारच्या रेणूंनाही जोडून टाकते. शिंप्यानं घातलेले टाके वेगळे आणि फेव्हिकॉल सांडून चिकटलेलं कापड वेगळं. तंतूंचं ते घसरणं कमी होतं. मधुमेहींमध्ये कंडरांच्या तक्रारी जास्त दिसतात, त्यामागे हे एक कारण आहे.

दुसरीकडे दम मात्र भराभर वाढतो. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं आणि हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. महिना-दीड महिन्यात स्नायूंमध्ये तंतुकणिकांची, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांची, संख्या वाढते. हे पन्नाशीतही होतं, साठीतही होतं. कंडरेचा ताठपणा वाढायला मात्र भरपूर वजनाचा व्यायाम निदान बारा आठवडे करावा लागतो. घड्याळ मोजतं ते हृदय. दोराचं त्याला काहीच कळत नाही. त्यामुळे ते 'फिटनेस वय' सांगतं तेव्हा ते कुणाचं वय सांगतंय, हे आधी विचारावं. आमच्या ग्रुपमध्ये दुखापती झालेल्यांची यादी काढली, तर बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, अगदी ऐन भरात असताना बसले आहेत.

गाभा बदलतच नसेल, तर व्यायामानं वाढतं काय? याचं एक सुंदर उत्तर २०२० मध्ये मँचेस्टर विद्यापीठातून आलं, उंदरांवरच्या प्रयोगातून. कंडरेत जाड, कायमस्वरूपी तंतूंबरोबर बारीक तंतूही असतात, आणि ते दिवस-रात्रीच्या चक्रात तयार होतात, झिजतात, पुन्हा तयार होतात. जाड खांब वाचावेत म्हणून बारीक तंतू स्वतः झिजतात. माणसात नेमकं असंच घडतं असं म्हणायची घाई नको, पण डॅनिश निष्कर्षांशी हे जुळतं: खांब जुने, डागडुजी रोजची. कठीण व्यायामानंतर पहिला दीड दिवस कंडरेत बांधणीपेक्षा मोडणीच जास्त असते आणि मग पारडं फिरतं. लागोपाठ दोन दिवस येऊर केलं की मोडणीवर मोडणी होते.

मेदूवड्याची उपमा इथे चपखल बसते. दुखावलेल्या कंडरेचा बिघडलेला भाग म्हणजे वड्याचं भोक. भोक बुजवायच्या मागे न लागता भोवतालचा वडा मजबूत करा, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचं म्हणणं आहे. त्यांनी दाखला दिला होता डोनटचा. मेदूवडा माझा.

वडा मजबूत करायची रीत सापडली ती एका वैतागलेल्या डॉक्टरमुळे. स्वीडनमधले हाडांचे शल्यविशारद होकान आल्फ्रेडसन यांची स्वतःची टाच दुखत होती आणि वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार होईनात. तुटली तर करावीच लागेल, या हिशेबानं त्यांनी दुखऱ्या टाचेवर मुद्दाम जड व्यायाम सुरू केला, अशी हकीकत सांगतात. टाच तुटायच्या ऐवजी बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी पंधरा हौशी धावणाऱ्यांवरचे निष्कर्ष छापले. त्यांचं सरासरी वय ४४. बारा आठवड्यांनी ते सगळे पुन्हा धावू लागले होते.

आता बाजारात आणि परंपरेत जे चालतं त्याबद्दल. घोट्याला काळा दोरा बांधून मॅरेथॉन पळणारे मी दर वर्षी पाहतो. बाहेरच्या दोऱ्यानं आतला दोर सुधारत नाही; फार तर मोजा घासतो. कोलॅजनची पावडर हा त्याच दोऱ्याचा महाग अवतार. पोटात गेलेलं कोलॅजन आधी पचतं, तुकडे होतात, ते टाचेचा पत्ता विचारत जात नाहीत. व्यायामाआधी तासभर जिलेटिन आणि क जीवनसत्त्व घेतल्यास कोलॅजनची निर्मिती वाढते, असा एक प्रयोग आहे खरा, पण तो झाला आठ माणसांवर. त्यावर हजारोंचा डबा घ्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे लक्षात ठेवा. पावसाळ्यात पोट बिघडलं की आपण केमिस्टकडून गोळी आणतो. त्यातल्या सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांनी कंडरा दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचाही धोका असतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्येच यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीपुढे आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. अशी गोळी चालू असताना टाच दुखली तर धावणं लगेच थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

कॅनडाचे एड व्हिटलॉक ७३ व्या वर्षी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन धावले. सराव घराजवळच्या दफनभूमीत, सावकाश, तासन् तास, तिथल्याच फेऱ्या. ते पोरवयातही धावपटू होते, मग बरीच वर्षं थांबले आणि चाळिशीत पुन्हा धावू लागले. सतराव्या वर्षाआधी बांधला गेलेला दोर त्यांना पुढे कामी आला असेल का? एका माणसावरून सांगता येत नाही, पण आमच्या इमारतीतल्या शाळकरी पोरांना खाली उड्या मारताना कुणी ओरडलं की मला हे आठवतं.

मी जानेवारीची फुल मॅरेथॉन सोडली आणि आल्फ्रेडसन यांच्या रीतीनं जिना धरला. पायरीच्या कडेवर दुखऱ्या पायाचा चवडा, कठडा हातात, टाच हळूहळू पायरीच्या खाली. वर येताना भार दुसऱ्या पायावर. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन, वाकवून पंधराचे तीन, सकाळ-संध्याकाळ. थोडं दुखलं तरी चालतं, हे मनाला पटवायलाच आठवडा गेला. वॉचमननं दोनदा येऊन लिफ्ट चालू असल्याचं सांगितलं. दिवसाला एकशे ऐंशी वेळा, चौऱ्याऐंशी दिवस, म्हणजे पंधरा हजार एकशे वीस. एका मॅरेथॉनमध्ये त्याच टाचेवर जेवढी पावलं पडली असती, त्यापेक्षा दहा हजारांनी कमीच.