राजधानी गावापेक्षा नेमकी किती श्रीमंत?

युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी संस्थेच्या 2016 सालच्या आकड्यांत इनर लंडनच्या पश्चिम भागाचं दरडोई उत्पादन युरोपीय संघाच्या सरासरीच्या 611 टक्के होतं, तर बल्गेरियाच्या ग्रामीण वायव्य विभागाचं 29 टक्के. एकवीसपट फरक! पण म्हणून लंडनकर एकवीसपट कमावतो असं समजलात, तर फसलात.

उत्पादन मोजतात ते काम चालतं तिथे आणि माणसं मोजतात ती राहतात तिथे. रोज बाहेरून येणाऱ्या नोकरदारांचं काम भागाकारात वर धरलं जातं, पण माणूस म्हणून ते खाली मोजलेच जात नाहीत. लक्झेंबर्गमध्ये तर जवळपास निम्मे कामगार फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून येतात. तेव्हा गाव आणि राजधानी यांची तुलना करताना कर वजा करून आणि पेन्शन-अनुदान मिळवून घरात प्रत्यक्ष येणारं उत्पन्न धरावं. त्याचाही मध्यक, म्हणजे सगळ्यांना उत्पन्नाच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यावा. मूठभर गडगंज लोक सरासरी वर ओढतात.

मग कुटुंबाचा आकार. चार माणसांना चार चुली लागत नाहीत. प्रचलित पद्धतीत पहिल्या प्रौढाला 1, चौदा वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला 0.5 आणि त्याहून लहान मुलाला 0.3 असा भार देतात. आईवडील आणि दोन लहान मुलं म्हणजे 2.1, उत्पन्नाला भागायचं ते याने, 4 ने नव्हे. जिथे ग्रामीण कुटुंबं मोठी असतात, तिथे सरळ दरडोई हिशेब गावाला आहे त्याहून गरीब दाखवतो.

सर्वांत मोठी गफलत होते ती किमतींच्या बाबतीत. समजा, राजधानीत उत्पन्न 100 आणि गावात 60 आहे. मात्र राजधानीत राहणं 25 टक्क्यांनी महाग आहे. 100 भागिले 1.25 म्हणजे 80. चाळीसची दरी वीसवर आली! घरच्या शेतातलं धान्य आणि स्वतःच्या घरामुळे वाचलेलं भाडं धरलं, तर ती आणखी बदलते.

एक खोडी व्याख्येतही आहे. भरभराटलेलं गाव वाढत वाढत ‘शहर’ ठरतं आणि ग्रामीण यादीतून निघून जातं. मागे राहतात ती रखडलेली गावं.

एवढं करूनही फरक उरतोच. शहराचा आकार दुप्पट झाला की उत्पादकता साधारण 3 ते 8 टक्क्यांनी वाढते, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. मालक आणि कुशल कामगार एकमेकांना लवकर सापडतात, पुरवठादार जवळ असतात, शेजारच्याचं कसब पाहून शिकता येतं. मात्र यातला बराच भाग निवडीचा: जास्त शिकलेले मुळातच शहराकडे जातात. तीच व्यक्ती स्थलांतराआधी आणि नंतर किती कमावते हे तपासलं, की शहराचं श्रेय चांगलंच घटतं.

आणि नुसतं राजधानीपण पुरत नाही. जर्मनीच्या फाळणीच्या काळात सीमेन्ससारख्या कंपन्यांनी बर्लिनमधली मुख्यालयं पश्चिम जर्मनीत हलवली. 1990 मध्ये जर्मनी पुन्हा एक झाल्यावर अनुदानावर तगलेले कारखानेही बंद पडले. त्यामुळे पुन्हा राजधानी झालेल्या बर्लिनचं दरडोई उत्पादन कित्येक वर्षं जर्मनीच्या सरासरीखालीच राहिलं.