ग्लॅडिएटर खरंच शाकाहारी होते का?

ग्लॅडिएटर म्हणजे ते रोमन काळातले तलवारबाज, ते म्हणे पक्के शाकाहारी होते, अशी बातमी अधूनमधून फिरत असते आणि मग शाकाहारवाले खुश, मटणवाले नाराज. गंमत म्हणजे बातमी खोटी नाहीये, पण त्यातला खरा मसाला बाजूलाच राहतो.

हे सगळं सुरू झालं आजच्या तुर्कस्तानातल्या इफेससपासून. रोमन साम्राज्यातलं हे मोठं शहर, तिथे ऑस्ट्रियाच्या पुरातत्त्ववाल्यांना १९९३ मध्ये शहराबाहेरच्या रस्त्यालगत एक कब्रस्तान सापडलं, थडग्यांच्या दगडांवर हत्यारं घेतलेले ग्लॅडिएटर कोरलेले, आणि खाली साठाहून जास्त माणसांची हाडं, बहुतेक सगळे विशी-तिशीतले पुरुष, इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले. ग्लॅडिएटरांवर तोपर्यंत जे लिहिलं गेलं ते जुनी पुस्तकं आणि भिंतीवरची चित्रं बघून, इथे डायरेक्ट हाडंच हातात आली. व्हिएन्नाच्या मेडिकल युनिव्हर्सिटीतले कार्ल ग्रॉसश्मिट आणि फाबियान कांझ वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागले.

आता खाण्याचं. हाडात कॅल्शियमसोबत थोडं स्ट्रॉन्शियमही जाऊन बसतं, कारण केमिस्ट्रीच्या हिशोबाने दोघं बरेच सारखे. झाडं जमिनीतून दोन्ही ओढून घेतात पण प्राण्यांचं शरीर कॅल्शियम ठेवून घेतं आणि स्ट्रॉन्शियम बरंचसं बाहेर टाकतं, त्यामुळे दूधदुभतं खाणाऱ्याच्या हाडात स्ट्रॉन्शियमचं प्रमाण कमी आणि झाडपाल्यातून कॅल्शियम मिळवणाऱ्याच्या हाडात जास्त. २०१४ मध्ये यांचा पेपर आला, त्यात इफेससच्या ग्लॅडिएटरांमध्ये हे प्रमाण त्याच शहरातल्या साध्या लोकांच्या जवळपास दुप्पट निघालं.

झालं, शाकाहारी! असं नाही पण. त्याच अभ्यासात कार्बन आणि नायट्रोजनच्याही टेस्ट केल्या होत्या आणि त्यात दिसलं की ग्लॅडिएटर आणि शहरातली बाकी जनता साधारण एकच खात होती, गहू, जव, कडधान्य, मांस फारसं नाही. म्हणजे डाएट स्पेशल नव्हतंच, गरीब माणूस जे खायचा तेच हे. मग स्ट्रॉन्शियम दुप्पट कुठून आलं? इथे कामाला येतो थोरला प्लिनी, रोमन लेखक, तोच जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या स्फोटात गेला. त्याने लिहून ठेवलंय की ग्लॅडिएटरांना जव खाणारे म्हणून चिडवायचे, आणि लढाईनंतर ते चुलीतल्या राखेचं पाणी प्यायचे, त्याने त्यांना बरं वाटायचं. झाडाच्या राखेत कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम दोन्ही भरपूर. तेव्हा संशोधकांचा अंदाज असा की ही राख म्हणजे त्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्याच होत्या, मोडलेली हाडं लवकर भरून यावीत म्हणून. मला विचाराल तर बातमी ही आहे, शाकाहार नाही.

जव आणि फावा बीन्स (एक प्रकारचं कडधान्य) खाऊन अंग कसं होतं तेही लिहून ठेवलंय. प्रसिद्ध वैद्य गेलन हा इसवी सन १५७ मध्ये पर्गमम शहरात ग्लॅडिएटरांचा डॉक्टर म्हणून लागला, तेव्हा तो अजून तिशीतही नव्हता. तो म्हणतो बीन्सनी मांस चढतं पण घट्ट नाही, सैलसर चढतं. म्हणजे सिनेमातले सिक्स पॅकवाले विसरा. अंगावर चरबीचा थर असला की वरवरचा वार नसांपर्यंत पोचत नाही, रक्त दिसतं, पब्लिक खुश, माणूस जिवंत, असंही काही अभ्यासकांचं मत आहे.

एवढी काळजी का घ्यायची? पैसा, दुसरं काय. गायस नावाच्या रोमन कायदेपंडिताने भाड्याच्या ग्लॅडिएटरांचं एक उदाहरण दिलंय, की धडधाकट परत आला तर त्याच्या घामाचे २० दिनार, मेला किंवा लुळापांगळा झाला तर १०००. सरळ पन्नास पट! खेळ भरवणारा शेठ उगाच कशाला माणसं मारेल. इतिहासकार जॉर्ज व्हील याने पहिल्या शतकाचा हिशोब मांडला तो १०० लढतींत १९ मृत्यू असा, म्हणजे भयंकर आहेच, पण प्रत्येक लढतीत एक मुडदा ही समजूत काही बरोबर नाही.

हाडंही तेच बोलतात. इफेससच्या कवट्यांवर भरून आलेल्या जुन्या जखमा आहेत, म्हणजे उपचार चांगले होते. मांडीच्या एका हाडावर, गुडघ्याजवळ, चौकोनात चार भोकं आहेत आणि तीही भरून आलेली, चार टोकांच्या खंजिराची, जे हत्यार तोवर फक्त कोरीव दगडावर दिसलं होतं. एका कवटीत त्रिशूळ घुसल्याच्या खुणा, जाळं आणि त्रिशूळ घेऊन लढणाऱ्या रेटिॲरिअसचं काम. मरताना झालेल्या जखमाही बहुतेक एकाच वाराच्या. रणांगणावरच्या सांगाड्यांवर कसे अनेक घाव दिसतात तसं इथे नाही, म्हणजे एकास एक लढत आणि नियम पाळून.

पण काही कवट्यांना चौकोनी भोक आहे, हातोड्याचं. रेटिॲरिअस सोडून बाकीचे तर हेल्मेट घालायचे, मग डोक्यात हातोडा बसला कसा? संशोधक म्हणतात जो वाचणारच नाही त्याला आखाड्याबाहेर नेऊन असं संपवायचे. वाचताना पोटात गोळा येतो खरं सांगायचं तर.

आणि नियम होते म्हणजे रेफरीही आला, हातात काठी घेतलेला. त्याच्याबद्दलची तक्रार तर दगडावर कोरलेली आहे. काळ्या समुद्राकाठच्या अमिससचा डायोडोरस नावाचा ग्लॅडिएटर, त्याच्या थडग्यावर लिहिलंय की डेमेट्रियसला पाडल्यावर मी त्याला लगेच मारलं नाही, माझा जीव घेतला तो नशिबाने आणि मुख्य रेफरीच्या कपटाने. एका अभ्यासकाच्या मते रेफरीने ते पडणं चुकून घसरल्यात धरलं, डेमेट्रियसला उठवून हत्यारं परत दिली आणि लढत पुन्हा सुरू केली.