उन्हाळी सागरी वर्ग: पेनिकीझपासून वुड्स होलपर्यंत

अमेरिकेत सागरी जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक वर्ग जून ते ऑगस्टमध्येच का भरतात? कॉलेजांना सुट्टी असते, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे सी अर्चिन या काटेरी, गोल सागरी प्राण्याच्या पोटात आहे.

सुरुवात 1873 च्या जुलैत झाली. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या पेनिकीझ बेटावर निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी शिक्षकांसाठी शाळा उघडली. बेट आणि 50,000 डॉलर जॉन अँडरसन या व्यापाऱ्याने दिले होते. इमारत पुरी झाली नव्हती, म्हणून मेंढ्यांचा गोठा रिकामा करून तिथे सोय केली. स्त्रियांनाही प्रवेश होता. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हे. डिसेंबरात अगासी वारले आणि 1874 च्या दुसऱ्या सत्रानंतर शाळा बंद पडली. एका माणसाच्या वजनावर चाललेले काम, दुसरे काय होणार! पण कल्पना टिकली. अगासींचे शिष्य अल्फियस हायट यांनी ॲनिस्क्वाम इथे छोटी प्रयोगशाळा चालवली, आणि त्यातूनच 1888 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच वुड्स होल गावी मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरी ही सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे पहिले संचालक चार्ल्स व्हिटमन हे पेनिकीझचेच विद्यार्थी.

वुड्स होलजवळ मोठी नदी नाही, त्यामुळे पाणी स्वच्छ. आणि तिथला अर्बासिया जातीचा सी अर्चिन ऐन उन्हाळ्यात अंड्यांनी भरलेला असतो. भ्रूणविज्ञानाचा वर्ग 1893 पासून भरतो, तो याच हंगामात.

वर्गात सी अर्चिनची अंडी फलित करण्याच्या प्रयोगाची रीत आजही साधीच आहे. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून 0.5 मोलर पोटॅशियम क्लोराइड (लिटरला सुमारे 37 ग्रॅम) थोडेसे टोचायचे. काही मिनिटांत वरच्या पाच छिद्रांतून मादीची तांबूस अंडी किंवा नराचा पांढरा द्रव येतो. मादी काठोकाठ भरलेल्या बीकरवर तोंडाची बाजू वर ठेवून पालथी घालायची. अंडी मलमलीतून गाळून समुद्राच्या पाण्यात दोन-तीनदा धुवायची. नराचा द्रव मात्र कोरडाच, बर्फावर ठेवायचा, कारण पाण्यात मिसळला की शुक्राणू लवकर थकतात.

नवखे इथेच फसतात. जास्त शुक्राणू म्हणजे जास्त यश, असे समजून दाट द्रव ओततात. मग एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरतात आणि दोनऐवजी एकदम तीन-चार पेशी दिसू लागतात. एक थेंब 10 मिली पाण्यात विरळ करून त्यातले थोडेच थेंब टाकले की काम होते. 23 अंशांवर पहिले विभाजन साधारण 50 मिनिटांत दिसते. पाणी तापले तर गर्भ वेडेवाकडे वाढतात.

याच अर्चिनवर 1982 च्या उन्हाळ्यात, वुड्स होलला शिकवायला आलेल्या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट यांनी किरणोत्सारी मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक; त्यामुळे नवी प्रथिने ओळखता येतात) घातलेल्या अंड्यांचे ठरावीक मिनिटांनी नमुने घेतले. एक प्रथिन वाढायचे आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी नाहीसे व्हायचे. ते सायक्लिन, पेशीविभाजनाचे नियंत्रण करणारे प्रथिन; त्यासाठी हंट यांना 2001 चे नोबेल मिळाले.