डॉलर 10 टक्क्यांनी महागला तरी वस्तू 10 टक्क्यांनी का महागत नाहीत?

चलन घसरल्याची बातमी आली की लगेच चर्चा सुरू होते की आता सगळं महागणार. त्यात तथ्य आहे, पण किती महागणार, कधी महागणार आणि कोणासाठी महागणार हे कोणी सांगत नाही, आणि खरी मजा तर त्यातच आहे. अर्थशास्त्रात याला एक्स्चेंज रेट पास-थ्रू म्हणतात, म्हणजे विनिमय दरातला बदल किमतीपर्यंत किती झिरपतो ते. पूर्ण झिरपला तर 100 टक्के, अजिबात नाही झिरपला तर शून्य. प्रत्यक्षात आकडा जवळजवळ नेहमी या दोघांच्या मधे कुठेतरी असतो, आणि तो नेमका कुठे असेल ते ठरवणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याचशा आपल्या डोळ्यांसमोर येतच नाहीत.

आधी एक वस्तू जवळून बघू. समजा एका देशात परदेशातून वॉशिंग मशीन येतं, किंमत 100 डॉलर, आणि डॉलर तिथल्या चलनात 50 ला आहे. म्हणजे बंदरावर मशीन पडलं 5000 ला. त्यावर 10 टक्के कस्टम ड्युटी, झाले 5500. मग बंदरावरचं भाडं, ट्रक, गोडाऊन, दुकानाचं भाडं, सेल्समनचा पगार, वीज, जाहिरात, डीलरचा नफा हे सगळं मिळून आणखी 4500, आणि दुकानात लेबल लागतं 10000 चं. आता डॉलर 50 वरून 55 वर गेला, म्हणजे 10 टक्के महाग झाला. मशीन पडलं 5500 ला, ड्युटी टक्क्यांत असल्यामुळे तीही वाढून 550 झाली, पण ट्रकवाल्याचं भाडं आणि सेल्समनचा पगार डॉलरमध्ये नाहीत, ते 4500 तसेच राहिले. एकूण 10550. डॉलर 10 टक्क्यांनी महागला आणि लेबल साडेपाच टक्क्यांनी वाढलं, आणि यात कोणी नफ्यातला एक पैसाही सोडलेला नाही! परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या किमतीतही निम्मा हिस्सा स्थानिक असू शकतो हे लक्षात आलं की अर्धं कोडं इथेच सुटतं.

उरलेलं अर्धं जास्त अवघड आहे, कारण तिथे माणसांचे निर्णय येतात.

सप्टेंबर 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलमध्ये पाच बड्या देशांनी डॉलर उतरवायचं ठरवलं. तेव्हा एका डॉलरला 240 च्या आसपास येन मिळत होते, 1987 संपेपर्यंत 120 च्या आसपास मिळायला लागले. हिशोब सरळ धरला तर अमेरिकेत जपानी गाड्यांची किंमत दुप्पट व्हायला हवी होती. झाली नाही, वाढली पण त्याच्या जवळपासही गेली नाही. जपानी कंपन्यांनी आपला नफा कापला, कारण एकदा गिऱ्हाईक अमेरिकन गाडीकडे वळलं की परत आणणं महाकठीण, शोरूम, डीलर, सर्व्हिस सेंटर यात ओतलेला पैसा वाया जाणार ते वेगळंच. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी 1987 मध्ये याच वागण्याला प्रायसिंग टू मार्केट असं नाव दिलं, म्हणजे कंपनी आपल्या खर्चापेक्षा समोरच्या बाजारात काय चालेल ते बघून किंमत लावते. आणि दुसरा उपाय जपानी कंपन्यांनी केला तो म्हणजे कारखानाच तिकडे हलवला. होंडाने ओहायोत 1982 पासूनच गाड्या बनवायला सुरुवात केली होती, टोयोटाचा केंटकीतला कारखाना 1988 मध्ये सुरू झाला, आणि मग येनचा दर काय आहे याने तेवढा फरक पडेनासा झाला.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जिच्याकडे बातम्यांमध्ये क्वचितच लक्ष जातं. माल कोणत्या देशातून येतो यापेक्षा बिल कोणत्या चलनात फाटलंय ते बघा. अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलंय. जगातला प्रचंड व्यापार डॉलरमध्ये चालतो, अगदी ज्यात विकणारा आणि घेणारा दोघांचाही अमेरिकेशी काही संबंध नाही असा व्यापारसुद्धा. त्यामुळे एखाद्या देशाचं चलन डॉलरसमोर पडलं की ज्या देशांशी दर तसाच आहे तिथून येणारा मालही महागतो, कारण बिल डॉलरचं आहे. अमेरिकेची गोष्ट बरोबर उलटी. तिथे येणाऱ्या मालापैकी 90 टक्क्यांहून जास्त मालाची बिलं डॉलरमध्येच असतात, त्यामुळे डॉलर पडला तरी आयातदार तीच रक्कम भरत राहतो आणि झळ परदेशी विक्रेत्याला आधी लागते. बरं, ही बिलावरची किंमत रोज बदलत नाही, गोपीनाथ आणि रॉबर्तो रिगोबोन यांना अमेरिकेच्या आयातीत असं दिसलं की एक किंमत साधारण 10-11 महिने तशीच राहते. होसे कांपा आणि लिंडा गोल्डबर्ग यांनी 2005 मध्ये 23 विकसित देशांचे आकडे मांडले होते, त्यात विनिमय दरातल्या बदलापैकी सरासरी 46 टक्के बदल एका तिमाहीत आयात किमतीत उतरत होता आणि लांबच्या पल्ल्यात 64 टक्के. अमेरिकेत हेच आकडे फक्त 23 आणि 42. आणि ही आयातीची किंमत आहे, बंदरावरची, दुकानातली नाही. दुकानापर्यंत येताना ती वर सांगितलेल्या ट्रक-गोडाऊन-पगाराच्या चाळणीतून आणखी गाळून येते.

बिलाच्या चलनाचा मुद्दा नुसता थिअरीतला आहे असं वाटत असेल तर स्वित्झर्लंड बघा. सप्टेंबर 2011 पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने युरो 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं धरून ठेवलं होतं, आणि 15 जानेवारी 2015 ला सकाळी कसलीही पूर्वसूचना न देता ते सोडून दिलं. काही मिनिटांत फ्रँक उसळला. संशोधकांसाठी ही सोन्यासारखी संधी होती, कारण त्या सकाळी बाकी फारसं काही बदललं नव्हतं, ना मागणी, ना करार, बदलला तो दर. त्यांनी कस्टमच्या नोंदी तपासल्या तर काय दिसलं, ज्या मालाची बिलं युरोत होती तो फ्रँकमध्ये झपाट्याने स्वस्त झाला आणि ज्याची बिलं फ्रँकमध्येच होती त्याच्या किमती त्या मानाने फार हलल्या नाहीत. तोच देश, तोच दिवस, फरक बिलावरच्या चलनाच्या नावाचा.

मग वेळेचा प्रश्न. दर पडला त्या दिवशी दुकानातला माल जुन्या दराने आलेला असतो, वाटेत असलेल्या मालाचे सौदे आधीच झालेले असतात, मोठ्या कंपन्यांनी फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट करून पुढच्या काही महिन्यांचा डॉलर आजच ठरवून ठेवलेला असतो. 23 जून 2016 ला ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचा कौल दिला, त्या रात्री पाउंड साधारण 1.50 डॉलरवरून 1.32 च्या आसपास आपटला, 1985 नंतरची सगळ्यात खालची पातळी. त्या महिन्यात तिथली महागाई होती 0.5 टक्के. ती वर चढत चढत नोव्हेंबर 2017 मध्ये 3.1 टक्क्यांवर पोचली, म्हणजे धक्का बसला एका रात्रीत आणि तो पूर्ण दिसायला तब्बल 17 महिने लागले. पेट्रोलपंपावर परिणाम लवकर दिसतो कारण कच्च्या तेलाचा भाव डॉलरमध्ये असतो आणि साठा पटापट फिरतो, कपड्यांना सीझन लागतो, आणि काही पॅकबंद वस्तूंची तर किंमत वाढतच नाही, आतलं वजन कमी होतं.

आणखी एक वाट आहे, लपलेली. चलन पडल्यावर आयात न होणाऱ्या वस्तूसुद्धा महागतात. समजा एखाद्या देशात भरपूर गहू पिकतो आणि बाहेरही जातो, तर बाहेर विकून आता देशी चलनात जास्त पैसे मिळतायत म्हटल्यावर व्यापारी देशातल्या गिऱ्हाइकाला जुन्या भावात कशाला देईल? म्हणजे गव्हाचा एक दाणाही आयात झालेला नाही आणि तरी पीठ महागलं. यात ज्याचा पगार बांधलेला आहे किंवा जो पेन्शनवर जगतो त्याच्या हातात काहीच नसतं, त्याला परदेशी वस्तू टाळून वाचता येत नाही, आणि म्हणूनच "आम्ही कुठे इम्पोर्टेड वापरतो, आम्हाला काय फरक पडतो" हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं.

आता या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे, ती म्हणजे लोकांचा अंदाज. ब्रिटनचंच आधीचं उदाहरण घ्या. 16 सप्टेंबर 1992 ला पाउंड युरोपातल्या देशांनी आपापसात ठरवलेल्या विनिमय दराच्या व्यवस्थेतून बाहेर फेकला गेला आणि जोरात पडला, महागाईचा भडका उडणार असं बऱ्याच जणांना वाटत होतं, पण पुढच्या वर्षी महागाई उलट कमी झाली. कारण मंदी होती, बेकारी 10 टक्क्यांच्या आसपास होती, भाव वाढवला तर गिऱ्हाईक येणारच नाही हे दुकानदाराला माहीत होतं, आणि ऑक्टोबरमध्येच सरकारने महागाई 1 ते 4 टक्क्यांत ठेवायचं लक्ष्य जाहीर केलं. अर्थतज्ज्ञ जॉन टेलर यांनी 2000 मध्ये हाच धागा पकडला, की जिथे महागाई कमी राहील असा भरवसा असतो तिथे विक्रेता दराचा धक्का तात्पुरता समजून गिळतो, आणि जिथे तो भरवसा नसतो तिथे लगेच लेबल बदलतो.

इंडोनेशियात 1997 च्या मध्याला डॉलरला 2400 च्या आसपास रुपिया होते, जानेवारी 1998 मध्ये दर 10000 च्या पार गेला, बँका कोसळत होत्या, त्या वर्षी महागाई 50 टक्क्यांच्या वर गेली आणि मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची सत्ता गेली. त्या जानेवारीनंतर बरोबर एक वर्षाने ब्राझीलने चलन मोकळं सोडलं. जानेवारी 1999 मध्ये डॉलर 1.21 रिआल होता, मार्चच्या सुरुवातीला 2 च्या वर. आणि हा तो देश जिथे 1993 मध्ये महागाई 2000 टक्क्यांच्या वर होती, लोकांच्या अंगात भाव वाढवायची सवय भिनलेली. तरीही 1999 ची महागाई 9 टक्क्यांच्या आसपास थांबली. बाजारात मागणी कमी होती हे एक कारण, पण मध्यवर्ती बँकेचे नवीन गव्हर्नर आर्मिनियो फ्रागा यांनी मार्चमध्ये व्याजदर थेट 45 टक्क्यांवर नेला आणि जूनमध्ये महागाईचं लक्ष्य अधिकृतपणे स्वीकारलं, हे दुसरं. 45 टक्के व्याजाने कर्ज घेणाऱ्याचे काय हाल झाले असतील ते वेगळं सांगायला नको, ही काही फुकटची शिस्त नव्हती.

तुर्कस्तानने याच्या उलट केलं. 2021 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर व्याजदर 19 वरून 14 टक्क्यांवर आणला, लिरा आधीच घसरत होता, वर्षभरात त्याची 44 टक्के किंमत गेली. (हा आकडा वाचताना एक लक्षात ठेवा, चलन 44 टक्के पडलं म्हणजे डॉलर 44 टक्के महागला असं नाही, तो जवळपास 80 टक्क्यांनी महागतो, कारण भागाकार उलटा होतो.) ऑक्टोबर 2022 मध्ये तिथली महागाई 85.5 टक्के होती. तोवर लोक डोक्यात डॉलर धरूनच हिशोब करायला लागले होते, आणि एकदा ते सुरू झालं की मघाशी आपण बघितलेली चाळणी राहतच नाही, कारण दुकानाचं भाडं आणि कामगाराची मागणी हेसुद्धा डॉलरकडे बघून ठरतं. तुर्कस्तानात हे आधीपासून कागदावरसुद्धा होतं, तिथे कित्येक दुकानांचे आणि ऑफिसांचे भाडेकरार सरळ डॉलर किंवा युरोत लिहिलेले असायचे, इतके की सप्टेंबर 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी फर्मान काढून असे करार लिरामध्ये बदलून घ्यायला लावले. तीन वर्षांनी लिरा पडला तेव्हा करार लिरातच होते, पण भाडं वाढवून मागणाऱ्या मालकाच्या डोक्यातला आकडा बदलायचं फर्मान काही निघू शकत नव्हतं.