खांब जमिनीलगतच का मोडतो?

कुंपणातला मोडून पडलेला जुना लाकडी खांब कधी नीट पाहिला आहे का? वरचा भाग उन्हानं करडा पडलेला, थोडा भेगाळलेला, पण ठोकला तर अजून खणखणीत वाजणारा. जमिनीत राहिलेला खुंट पहारीनं उकरून काढला, तर त्याचं तळाचं टोकही बऱ्यापैकी घट्ट निघतं. भुगा झालेला असतो तो मधल्या वीतभर जागेचा, मातीला लागून असलेल्या. गुरांच्या कुंपणासाठी खांब कशाचा घ्यायचा, हा सगळा प्रश्न या वीतभर जागेचा आहे.

लाकूड खाणाऱ्या बुरशीला अन्न, ऊब, पाणी आणि हवा एवढं लागतं. अन्न म्हणजे लाकूडच. पण लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली असेल, तर बुरशीचं काही चालत नाही. खांबाचा वरचा भाग पावसात भिजतो आणि वाऱ्यानं पुन्हा वाळतो. खोल मातीत ओल भरपूर असते, पण प्राणवायू तुटपुंजा. ओल आणि हवा दोन्ही एकत्र सापडतात ती जमिनीच्या तोंडाशी. व्हेनिसच्या इमारती शतकानुशतकं लाकडी खुंटांवर उभ्या आहेत, त्या याच कारणानं. ते खुंट पाण्याखालच्या चिखलात गाडलेले आहेत आणि तिथे हवा जवळजवळ पोचतच नाही.

त्यात भर म्हणजे खांबावर जोर येतो तोही नेमका तिथेच. म्हैस खांबाला मान घासते ती वर, पण एका टोकाला गाडलेला दांडा सर्वांत जास्त ताणला जातो तो जमिनीपाशी. गोल खांबाची वाकण सोसायची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. १० सेंटीमीटर जाडीचा खांब चोहोबाजूंनी फक्त एक सेंटीमीटर कुजला की ८ सेंटीमीटरचा उरतो आणि त्याची ताकद निम्म्यावर येते. उलट सुरुवातीलाच साडेबारा सेंटीमीटरचा घेतला, तर तो १० च्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट जोर सोसतो. म्हणून हातात पैसे मोजकेच असतील, तर ते लाकडाच्या नावापेक्षा जाडीवर घालावेत असं मला वाटतं.

नावाचा मोह मात्र सुटत नाही. ‘सागाचा खांब’ म्हटलं की तो टिकणारच, असं गृहीत धरलं जातं. टिकतो तो सागाचा गाभा, म्हणजे आतलं गडद लाकूड. झाड जुन्या पेशी कामातून काढून टाकताना त्यांत बुरशीला आणि किड्यांना न मानवणारी रसायनं साठवून ठेवतं. सागात टेक्टोक्विनोन असतं, ब्लॅक लोकस्ट या झाडात काही फ्लॅव्होनॉइड असतात. कडेच्या फिकट लाकडात हा साठा नसतो. तिथे असते साखर आणि पिष्ट, म्हणजे बुरशीसाठी वाढलेलं ताटच. हे कडेचं लाकूड कोणत्याही झाडाचं असो, मातीत ते लवकर जातं. कोवळ्या सागाची बारीक बल्ली बहुतांश कडेच्या लाकडाचीच असते. खांबाचं कापलेलं टोक पाहावं: गडद भाग किती आणि फिकट कडा किती, हे तिथे उघड दिसतं. बांबूला तर असा विषारी गाभाच नसतो, शिवाय आत भरपूर पिष्ट, त्यामुळे प्रक्रिया न केलेला बांबू मातीत दोन-तीन वर्षांपलीकडे क्वचितच जातो.

कुठलं लाकूड किती टिकतं, हे शोधायची रीत साधी आहे: खांब गाडायचे आणि वाट पाहायची. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, कॉर्व्हालिसच्या विद्यापीठानं १९२७ साली खांबांचं असं एक शेतच सुरू केलं. शेकडो खांब, कुठला प्रक्रिया केलेला तर कुठला तसाच. ठरावीक काळानं प्रत्येकाला जोर लावून पाहायचं, मोडला की नोंद करायची. काही जातींचे खांब मोजक्या वर्षांत आडवे झाले, तर ओसेज ऑरेंज नावाच्या झाडाचे, कुठलंही औषध न लावलेले खांब दशकांमागून दशकं उभे राहिले. खुंट गाडलेल्या अशा चाचणीच्या शेतांना या क्षेत्रातले लोक कब्रस्तान म्हणतात.

ज्या लाकडात विष नाही, त्यात ते बाहेरून भरता येतं. डांबर फासणं किंवा बुंधा जाळून काळा करणं हे उपाय पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत, पण त्यांचा फायदा फार थोडा. कोळसा बुरशी खात नाही हे खरं. मात्र लाकूड वाळताना ज्या भेगा पडतात, त्या कोळशाचा थर ओलांडून आत जातात. रस्ता मोकळाच राहतो. औषध खोलवर जायला हवं, आणि त्यासाठी बंद टाकीत आधी लाकडातली हवा ओढून घेऊन मग दाबानं द्रव आत घुसवावा लागतो. ही युक्ती ब्रिटिश संशोधक जॉन बेथेल यांनी १८३८ साली पेटंट केली, दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या क्रिओसोट तेलासाठी. पुढे १९३३ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण शोधलं आणि ते जगभर पसरलं. तांबं बुरशीला मारतं. तांब्याला न जुमानणाऱ्या बुरश्या आणि वाळवी यांच्यासाठी आर्सेनिक. क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवतं, म्हणून पावसानं ते सहजी धुऊन जात नाहीत. बोरॅक्ससारख्या बोरॉनच्या क्षारांना असं कुणी बांधून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर जसे आत जातात तसेच ओल्या मातीत बाहेर पडतात. छपराखाली ते उत्तम, खांबाला निरुपयोगी.

दाबप्रक्रिया केलेल्या खांबातही औषध बाहेरच्या थरात जास्त आणि गाभ्यात कमी असतं. खांब लांब झाला म्हणून करवतीनं खालून कापला, की तो उघडा गाभा थेट मातीत जातो. कापायचंच असेल तर वरून कापावं.

आता लोखंड. अँगलला नुसता रंग दिलेला असेल, तर शिंग किंवा खूर लागून पडलेल्या ओरखड्यातून गंज रंगाखाली पसरत जातो. जस्ताच्या मुलाम्याचं तसं नाही. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. मात्र ही ठेव खर्च होणारी आहे: थर जितका जाड, तितकी वर्षं. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या खांबावरचा थर साधारण ८५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो; विजेच्या साहाय्यानं चढवलेला मुलामा त्याच्या कितीतरी पट पातळ, दिसायला मात्र जास्त चकचकीत. शेणामुताचा चिखल जिथे साचतो तिथे क्षार आणि ओल मिळून जस्त भराभर खातात. म्हणून तोच अँगल माळरानावर टिकतो आणि गोठ्याच्या दारापाशी जमिनीलगत गंजून मोडतो.

सिमेंटचा पोल कुजत नाही, गंजतही नाही असं वाटतं. आतली सळी मात्र गंजते. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच) १२ च्या वर, आणि अशा वातावरणात सळीवर संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो आणि हा सामू उतरवतो. तो सळीपर्यंत पोचला की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. हे मुरणं काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं चालतं. सळीवरचं आवरण दुप्पट केलं, तर गंज सुरू व्हायला चौपट वेळ लागतो. स्वस्त पोलांमध्ये सळी अगदी कडेला आलेली असते, आणि तिथेच त्यांची किंमत कमी झालेली असते. शिवाय काँक्रीट दाब सोसतं पण दणका सोसत नाही. उधळलेला बैल येऊन आदळला तर लाकूड लवतं, पोल तडकतो.

दगडाला यातलं काहीच लागू नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या माळरानावर झाडं फारशी नव्हती, म्हणून तिथल्या वसाहतवाल्यांनी चुनखडीचे खांब घडवले. तो दगड खाणीतून काढल्यावर मऊ असतो आणि उघड्यावर राहून टणक होत जातो. त्यातले कितीतरी खांब आजही उभे आहेत. वजन मात्र एकेकाचं दोन माणसांनाही जड.

उलट टोकाला जिवंत खांब. गिरिपुष्पाची किंवा पांगाऱ्याची जाड फांदी पावसाच्या सुरुवातीला रोवली तर तिला मुळं फुटतात, आणि जिवंत लाकूड बुरशीशी स्वतः लढतं. गिरिपुष्पाचा पाला गुरांना चालतो, घोड्यांना मात्र तो विषारी आहे. आणि तार थेट खोडाला ठोकली तर काही वर्षांत साल तिला गिळून टाकते.

सगळे खांब एकाच मालाचे हवेत, हा हट्ट मला कळत नाही. मधल्या खांबांना फक्त तार सावरायची असते. कोपऱ्यावरच्या खांबाला ती रात्रंदिवस ओढत असते. घट्ट ताणलेली एकेक तार शंभर किलोच्या आसपास ओढते, पाच तारा असतील तर पाचशे. सर्वांत जाड, सर्वांत खात्रीचा खांब तिथे लावावा, तिरप्या टेकूसह.

जुने खांब निघाले की ते चुलीत किंवा शेकोटीत जातात. तांबं-आर्सेनिकची प्रक्रिया केलेले खांब कधीही जाळू नयेत. धुरातून काही आर्सेनिक हवेत जातं, उरलेलं राखेत राहतं. ती राख खारट लागते, गुरं तिला चाटायला येतात, आणि अशी राख चाटून गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत.